तागा गुंडाळला की

शनिवार, १२ ऑक्टोबर २०२४. एडिसन, न्यू जर्सी.

दसरा. आपट्याची पानं इथे कुठून आणणार, ओवीनं पिवळ्या कागदाची कापली. दुपारी समीरनं विषय काढला, मुहूर्त आहे तर पियानोचं आज नक्की करून टाकू. ओवी चार वर्षं विजेच्या कीबोर्डवर शिकतेय. तिच्या बाईंनी गुरुवारी मला बाजूला घेऊन सांगितलं, की हिची बोटं आता हलक्या पट्ट्यांवर आळशी व्हायला लागलीत. जुना घ्यावा असं माझं म्हणणं होतं, पण सप्टेंबरात तीन जुने पाहून झालेत. एकाच्या खुंट्या सैल, एकाच्या पोटात उंदरांनी संसार थाटलेला, आणि तिसरा बरा होता तो आम्ही विचार करतोय तोवर गेला. आता नवाच. दहा हजार डॉलरपर्यंत.

आकडा लिहिताना हात थबकला. बावीस वर्षं झाली या देशात, तरी मोठ्या खरेदीची वडिलांच्या, अण्णांच्या, बार्शीतल्या दुकानातल्या साड्यांत मोजदाद केल्याशिवाय मला चैन पडत नाही.

सोमवार, १४ ऑक्टोबर

समीरनं तक्ता मांडून सात दुकानांना ईमेल पाठवली होती. अठ्ठेचाळीस इंची उभा पियानो, यामाहा किंवा कावाई, शेवटचा भाव कळवा. पाच उत्तरं आली. पाचही गोड, आणि एकातही आकडा नाही. ‘दुकानात या, बसून बोलू.’ समीर चिडला. टीव्हीचा भाव घरबसल्या कळतो, गाडीचासुद्धा कळतो, मग यांना काय धाड भरलीय?

मला हसू आलं. अण्णांनी आयुष्यात कधी फोनवर शालूचा भाव सांगितला नाही. पायरी चढलेलं गिऱ्हाईक निम्मं आपलं असतं. इथे आणखी एक भानगड आहे. कंपन्यांनी दुकानदारांना हद्दी आखून दिल्यात आणि जाहिरातीत किती भाव लावायचा याचेही नियम घातलेत. शिवाय लेखी आकडा दिला, की गिऱ्हाईक तो पुढच्या दुकानात नाचवणार आणि तो शंभर डॉलर कमी करणार, हे न कळायला ते काय दूधखुळे आहेत?

लायब्ररीतून लॅरी फाइनचं ‘द पियानो बुक’ आणलं. १९८७ साली पहिल्यांदा निघालेलं. लेखक स्वतः पियानो दुरुस्त करणारा माणूस, त्यामुळे लिहितो ते कारागिरासारखं, आडपडदा न ठेवता. त्याच्याच पुढच्या मार्गदर्शिकेत दरेक मॉडेलची किंमत दिलेली असते. ती छताची उंची समजायची, प्रत्यक्ष सौदे त्याच्या दहा ते तीस टक्के खाली होतात. दहा ते तीस! आमच्याकडे एवढ्या फटीतून अख्खं लग्नाचं वऱ्हाड गेलं असतं.

शनिवार, १९ ऑक्टोबर

पहिलं दुकान. हमरस्त्यावर, गाड्यांच्या शोरूमना चिकटून. बाहेर फलक होता, ‘कारखान्याच्या परवानगीने महासेल, शेवटचे चार दिवस’. हाच फलक मी सप्टेंबरात जाताना पाहिला होता. तेव्हाही चारच दिवस उरले होते.

आत पाऊल बुडेल असा गालिचा. सेल्समन तरुण आणि हसरा, त्यानं आधी आमच्याकडे नाही, ओवीकडे पाहिलं. नाव विचारलं, तिला सरळ नेऊन एका भल्यामोठ्या ग्रँडपुढे बसवलं. मी मनात म्हटलं, वा रे पठ्ठ्या. नवरीला आधी पैठणी खांद्यावर टाकून आरशासमोर उभं करायचं, मग बापाकडे वळायचं. ओवी वाजवून उठली तेव्हा तिचे डोळे चमकत होते आणि आमचा दहा हजारांचा पियानो तिच्या लेखी खेळणं झाला होता.

मग तो आम्हाला कावाईकडे न नेता दुसऱ्याच रांगेत घेऊन गेला. काळे, चकचकीत, वर सोनेरी अक्षरांत जुनं अमेरिकन नाव. ‘शंभराहून जास्त वर्षांची परंपरा.’ पुस्तकात वाचलेलं होतं म्हणून विचारलं, हा बनतो कुठे? चीनमध्ये, तो म्हणाला, पण आराखडा अमेरिकन. मूळ कारखाना कधीच मिटलाय, नाव तेवढं विकत घेतलेलं. चिनी माल वाईट असतो असं नाही. ग्वांगझूचा पर्ल रिव्हरचा कारखाना जगात सर्वांत मोठ्यांतला आहे, स्टाइनवे स्वतः आपला स्वस्तातला एसेक्स तिथून बनवून घेते आणि तसं सांगते. परंपरा मात्र सोनेरी रंगात छापून मिळत नाही, एवढंच माझं म्हणणं.

शेवटी अठ्ठेचाळीस इंची कावाई. पाटीवर १४,६०० खोडून ११,९९० लिहिलेलं. समीरनं विचारलं, आणखी किती कमी होईल? ‘मॅनेजरला विचारून येतो’ म्हणून तो आत गेला. आत कोण होतं देव जाणे. अण्णाही ‘भावाला विचारून सांगतो’ म्हणून गोदामात जायचे. अण्णांना भाऊ नाही. आत जाऊन ते घोटभर पाणी प्यायचे.

बाहेर येऊन आकडा ११,४००, फक्त आज. पोचवायचे ४००, ‘तयारी’चे ३००, आणि या सगळ्यावर राज्याचा ६.६२५ टक्के कर. समीरनं खिशातला कॅलक्युलेटर काढला. घरात येईपर्यंत १२,९०० होत होते. तयारीचे तीनशे कशाचे, विचारलं. सेल्समनला नीट सांगता आलं नाही. साडी घेणाऱ्याला घडी घालून दिल्याचे पैसे लावावेत तसं वाटलं.

निघालो. दारापर्यंत आला, ‘आज गेलात तर हा भाव धरून ठेवता येणार नाही.’ गाडीत ओवी गप्प होती. तिला ग्रँडपुढे बसवलं याचा मला आकड्यापेक्षा जास्त राग आला.

शनिवार, २६ ऑक्टोबर

दुसरं दुकान जुन्या गावात, रेल्वे स्टेशनजवळ. फलक नाही, गालिचा नाही, लाकडी जमीन करकरते. मालक सत्तरीचे असतील. पुढे बारा-पंधरा पियानो आणि मागे उघडी कार्यशाळा. तिथे एक कारागीर पियानोची यंत्रणा मांडीवर घेतल्यागत बसून हातोड्यांच्या नमद्यात सुया टोचत होता. ओवीनं विचारलं, दुखत नाही का त्याला? तो म्हणाला, नमदा फार घट्ट असला तर आवाज ओरडतो. टोचून थोडा सैल केला, की बोलायला लागतो.

मालक बोलघेवडे निघाले. पूर्वी मॅनहॅटनमध्ये, कार्नेगी हॉलच्या मागच्या ५८व्या रस्त्यावर पियानोच्या दुकानांची ओळ होती, तिथे ते उमेदवारी करायचे. १९०९ साली या देशात साडेतीन लाखांवर पियानो विकले गेले होते. आता नव्या पियानोंचा आकडा वर्षाला तीसेक हजारांवर येऊन टेकलाय. ‘तेव्हा घरोघरी रेडिओसुद्धा नव्हता,’ ते म्हणाले.

तीच कावाई, एक नव्हे दोन, शेजारी शेजारी. पाटीवर १२,४००, खोडाखोड नाही. ओवीनं दोन्ही वाजवून पाहिल्या. डावीकडची खर्जात मऊ बोलते म्हणाली. खरंच होतं. एकाच कारखान्याच्या, एकाच मापाच्या, पण एक नाकात बोलायची आणि एक घशातून. डावीकडची गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यात आलीय, मालक म्हणाले, कारागिरानं तिच्यावर बराच वेळ घालवलाय. सुया, पट्ट्यांची खोली, हातोड्यांचं अंतर, सगळं. पेटीतून निघालेला पियानो तसाच लावला तर महिनाभरात कळतं. बऱ्याच ठिकाणी तसाच लावतात, कारण मिळालेली सूट कुठून तरी भरून काढायला लागते.

तयारीचे वेगळे किती? माझा प्रश्न. त्यांना प्रश्नच कळला नाही. ‘तयारी केली नाही तर मी विकतो काय?’

शेवटचा भाव मात्र विचारला नाही. समीर गाडीत म्हणाला, का नाही विचारलास? खरं सांगायचं तर मला लाज वाटली. मराठीत ‘अहो, बघा ना जरा’ म्हणता येतं. त्या ‘ना’मध्ये आणि ‘जरा’मध्ये अर्धी घासाघीस होऊन जाते आणि कुणाचा मान जात नाही. इंग्रजीत त्याला काय म्हणायचं? थेट आकडाच टाकायला लागतो, दगडासारखा.

शनिवार, २ नोव्हेंबर. पाडवा.

सकाळी नऊला बार्शीला फोन. तिकडे संध्याकाळचे साडेसहा, वहीपूजन उरकलेलं. अण्णा अठ्ठ्याहत्तरचे झाले, दुकान माझा भाऊ चालवतो, पण पाडव्याला गादीवर तेच बसतात. पियानोचं सगळं सांगितलं. मला वाटलं भाव विचारतील. त्यांनी भाव विचारलाच नाही.

“माल कधीचाय?”

“एक नवा आणि एक गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यातला.”

“रोखीनं भरलाय का उधारीवर?”

ते मला वाचून माहीत होतं. इथले बरेच दुकानदार पियानो कर्जावर ठेवतात. पैसे पुरवणारी कंपनी कारखान्याला रक्कम देते, काही महिने व्याज माफ असतं, मग चढायला लागतं. पियानो विकला की दुकानदारानं मुद्दल भरायचं.

“म्हणजे जुन्या नगाला व्याज लागतंय,” अण्णा म्हणाले. “तो त्याला खातोय. नवा नाही खात. गिऱ्हाईक भाव विचारत बसतं गं, तू माल कधी आला ते विचार. कारागीर पगारी का बाहेरचा?”

“पगारी. दुकानातच बसतो.”

“मग त्या दुकानात फार ताणू नकोस. तो माणूस पुढच्या वर्षी तुझ्याकडे यायचाय ना, सूर लावायला? त्याचा पगार कुठून निघणार?”

अण्णांच्या प्रत्येक चिठ्ठीवर विक्रीच्या भावाखाली बारीक अक्षरांत खरेदीचा भाव असायचा, सांकेतिक. दहा आकड्यांना दहा अक्षरं. मी आठवीत असताना मला ती सांगितली, तेव्हा मुंज झाल्यासारखं वाटलं होतं. नोकर वाचू शकायचे नाहीत, गिऱ्हाईक वाचू शकायचं नाही, आम्ही घरचे तेवढे एका नजरेत समजायचो, की इथून खाली उतरायचं नाही. ती अक्षरं इथेही लिहीत नाही. दुकान अजून चालू आहे.

गुरुवार, ७ नोव्हेंबर

ओवीच्या बाईंनी एका दुकानाचं नाव सुचवलं आणि लगेच स्वतःच म्हणाल्या, सांगून ठेवते, तिथे माझ्या नावानं कुणी घेतलं तर मला पाकीट मिळतं. इथे बऱ्याच शिक्षकांना मिळतं. तुम्ही गेलात तर माझं नाव घेऊ नका आणि ते पैसे भावातून कमी करून मागा. त्यांच्याकडे बघतच राहिले. पाकिटाची बात स्वतःहून सांगणारा मध्यस्थ मी बार्शीच्या बैलबाजारातसुद्धा पाहिला नाही. तिथे तर उपरण्याखाली बोटं दाबून भाव ठरतो, बघणाऱ्याला काही कळूच द्यायचं नसतं.

रविवार, १७ नोव्हेंबर

विद्यापीठातला सेल. दुकानदार संगीत विभागाला वर्षभर पियानो वापरायला देतो आणि मग शनिवार-रविवारी तिथेच ते विकतो. वेळ ठरवून जायचं, दारात नाव लिहायचं. गर्दी पाहून अख्खा ओक ट्री रोडचा देशी बाजार लोटल्यासारखं वाटलं. दोन मराठी घरं भेटली, तिळगूळ वाटल्यासारखी एकमेकांना आकडे सांगत होती.

समीरनं विचारलं, यातले विद्यापीठात वाजलेले कुठले? तीन दाखवले. हॉलमध्ये चाळीसेक होते. बाकीचे कालच्या ट्रकनं दुकानातून आलेले. ९,९९० ला कावाई होती, पण पंचेचाळीस इंची, तीन इंच बुटकी. तारा आखूड की खर्जाचा जीवही आखूड. ‘तीन वाजता दार बंद होणार,’ असं तीनदा ऐकलं. अडीचला निघून समोसे खायला गेलो.

मंगळवार, १९ नोव्हेंबर

हमरस्त्यावरच्या सेल्समनचा निरोप, महिन्यातला सहावा. निवडणूक झाली, आता आयात कर वाढणार, जानेवारीत पियानो महागणार. आज १०,९९०. म्हणजे ‘फक्त आज’ हा एकोणीस ऑक्टोबरपासून अजून मावळलेला नाही. वाढेलही कर, कुणी सांगावं. पण भीतीचं माप घालून विकलेला माल मला घरी आणवत नाही. तेवढ्यापुरती मी गिऱ्हाईक, एरवी दुकानदाराची मुलगी.

शनिवार, ३० नोव्हेंबर

महिन्याचा शेवटचा दिवस, काल ब्लॅक फ्रायडे होऊन गेलेला. स्टेशनजवळच्या दुकानात चिटपाखरू नव्हतं. समीरला बजावून ठेवलं होतं, तू बोलायचं नाहीस. त्यानं तक्ता घरी ठेवला, चेकबुक आणलं.

आधी ओवीनं डावीकडचा वाजवला, अर्धा तास. मालकांनी एकदाही घड्याळाकडे पाहिलं नाही. मग मी म्हटलं, घरात पोचेपर्यंतचा एकच आकडा सांगा. कर, वाहतूक, बाक, घरी येऊन सूर लावणं, दारातल्या तीन पायऱ्या, सगळं धरून. ते म्हणाले, ११,२०० आणि वर कर. मी म्हटलं, सगळं धरून ९,८००.

दगड पडला. आवाज मलाच मोठा वाटला. त्यांना नाही. ते हसले, “सगळं धरून १०,९००.”

मी वरचं झाकण उघडायला सांगितलं. आत लोखंडी चौकटीवर क्रमांक असतो, त्यावरून बनवल्याचं साल कळतं. २०२२ निघालं. तुमच्याकडे किती महिने उभा आहे? सोळा, ते म्हणाले. आणि यावरचं व्याज? आता ते माझ्याकडे नीट बघायला लागले.

“तुम्ही या धंद्यात आहात?”

“कापडाच्या. वडील.”

त्यांनी खुर्ची ओढली. “१०,५००.”

“१०,०००.”

मग त्यांनी काय केलं, तर हिशोब मांडला. बोलून दाखवायची गरज नव्हती, तरी मांडला. सव्वादोनशे किलोचा नग पायऱ्यांवरून चढवायला तीन माणसं आणि ट्रक. कारागिराचे याच पियानोवर गेलेले दोन दिवस. राज्याचा कर तर त्यांच्या हातातच नाही, येतो आणि जातो. मी ऐकताना मनात बेरीज करत होते आणि ती जुळत होती. खोटा हिशोब सांगणारा माणूस मोठे आकडे आधी सांगतो. हे वाहतुकीच्या पोरांच्या जेवणापासून सुरू झाले होते.

“१०,३००,” मी म्हटलं. “घरी दोनदा सूर लावून. एकदा महिन्यानं आणि एकदा उन्हाळ्याआधी.” नव्या तारा ताणत राहतात, पहिल्या वर्षी सूर उतरतोच. इथल्या हिवाळ्यात हीटर हवा कोरडी करतो आणि उन्हाळ्यात दमट होते, लाकूड दोन्ही बाजूंनी मार खातं.

ते काही बोलले नाहीत. उठले, पट्ट्यांवर लाल नमद्याची पट्टी पसरली, दोन्ही हातांनी सारखी केली आणि झाकण हळूच खाली टेकवलं.

अण्णा असंच करायचे. गिऱ्हाईक अजून एक रुपया, अजून एक रुपया करत असायचं आणि ते शांतपणे तागा गुंडाळायला लागायचे. रागानं नव्हे. तागा गुंडाळला की समजायचं, आता भाव उतरायचा नाही आणि चढायचाही नाही. घेतलंत तर कापून देतो, नाही तर फडताळात ठेवतो.

समीरनं तोंड उघडलं. मला माहीत होतं, शेजारचा दिवा फुकट मागणार होता. मी त्याचा पाय दाबला.

पावती हातानं लिहिली. दोन सूर, पायऱ्या, बाक, आणि पुढे कधी ग्रँड घेतला तर याची पूर्ण किंमत वळती करू हेही. ग्रँड आम्ही काही घेत नाही, पण ओवीनं ते वाक्य दोनदा वाचलं.

गुरुवार, १२ डिसेंबर

आला. तिघांनी तिसऱ्या पायरीवर दम घेतला. हीटरपासून लांब, आतल्या भिंतीला लावलाय. ओवी पायमोजे घालून पेडलवर. शेजारच्या काकूंनी कुंकवाची पुडी आणली, बाकाला लावलं, कारण पियानोला लावलं तर पॉलिश जाईल असं त्याच म्हणाल्या.

शनिवार, ११ जानेवारी २०२५

तोच कारागीर आला, सुया टोचणारा. पुढची फळी काढली आणि आतली सगळी हातोड्यांची पलटण उघडी पडली. दोनशेवर तारा, मिळून काही टनांचा ताण, असं सांगत सांगत खुंट्या केसभर फिरवत होता. दीड तास लागला. वरचा सा थोडा घसरलाच होता.

फळी परत लावताना आत कडेला दोऱ्यानं बांधलेली चिठ्ठी दिसली. दुकानाचा शिक्का, आल्याची तारीख, आणि खाली शिसपेन्सिलीनं चार इंग्रजी अक्षरं. टी, ओ, ई, ई. “हे काय?” मी विचारलं. “मालकांचं काहीतरी,” तो म्हणाला, “मलाही कधी सांगितलं नाही.”

तो गेल्यावर फोटो काढून बार्शीला पाठवला. तिकडे मध्यरात्र उलटून गेली होती, तरी पाच मिनिटांत फोन वाजला.

“शेवटची दोन सारखी आहेत ना? ती शून्यं,” अण्णा म्हणाले. मागे आई झोपेत काहीतरी पुटपुटत होती. “पहिलं सात का आठ, एवढंच अडलंय. त्या दुकानात परत कधी जायचीस?”

“आता कशाला जाऊ, अण्णा? घेऊन झाला की.”

“ओवीला एखादं पुस्तक-बिस्तक लागेल ना? जाशील तेव्हा आणखी दोन-चार चिठ्ठ्या बघून ये.”